ॲलर्जीच्या इंजेक्शनांना विमा मिळतो का? सीमाभागातल्या दवाखान्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न : खानापूर तालुक्यात माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. बेळगावच्या तज्ज्ञांनी सुरू करून दिलेली ॲलर्जीची इंजेक्शनं सध्या आमच्याकडे देतो. आता चाचणी करून कोर्स स्वतःच सुरू करायचा विचार आहे. रुग्ण पहिल्याच भेटीत विचारतात, ‘ह्येचं इन्शुरन्स मिळतंय काय ओ?’ कुणाची पॉलिसी कोल्हापूर-पुण्याची, कुणाला ईएसआय, कुणी माजी सैनिक. कुणाला काय सांगावं आणि बिलं-कागद कसे द्यावेत, म्हणजे क्लेम परत येणार नाही?

उत्तर :

डॉक्टर, पहिल्या भेटीत रुग्णाला खरं ते सांगून टाका : नेहमीच्या मेडिक्लेममध्ये या इंजेक्शनांचे, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे त्याच्याच अर्काच्या चढत्या डोसांचे, पैसे मिळत नाहीत. कोर्स तीन ते पाच वर्षांचा आहे, तो स्वतःच्या खिशातून झेपणार असेल तरच सुरू करायचा. विम्याच्या भरवशावर सुरू केलेला कोर्स बहुधा सहा-आठ महिन्यांत बंद पडतो आणि अर्धवट कोर्सचा उपयोग जवळजवळ शून्य. काही थोड्या ठिकाणी पैसे मिळतात, त्यांची माहिती पुढे आहे. पण त्याला अपवाद समजा.

नकाराचं कारण उपचारात नाही, पॉलिसीच्या व्याख्येत आहे. साधी आरोग्य पॉलिसी भरती झाल्यावर चालते, आणि भरती म्हणजे सलग २४ तास. ‘डे केअर’ची सवलत असते, पण तिची व्याख्या नीट वाचा : भूल देऊन केलेली प्रक्रिया, जी एरवी २४ तासांपेक्षा जास्त भरती करून करावी लागली असती आणि नव्या तंत्रामुळे कमी वेळात होते. ओपीडीत होणारे उपचार डे केअरमध्ये धरत नाहीत, हे त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलेलं असतं. ०.३ मिली कातडीखाली टोचून रुग्णाला अर्धा तास बाकावर बसवणं यात कुठूनही बसत नाही. स्किन प्रिक टेस्टचंही (कातडीला टोचून करायची ॲलर्जीची चाचणी) तेच. केवळ तपासणीसाठी रुग्ण दाखल करून घेतला तर ‘तपासणी व निदान’ हे प्रमाणित वगळणीचं कलम, क्रमांक ०४, थेट लागू होतं.

इथे एक घोटाळा वारंवार होतो. पॉलिसीच्या मजकुरात ‘आधुनिक उपचार’ अशी बारा नावांची यादी असते. तिच्यात इम्युनोथेरपी हा शब्द दिसतो आणि रुग्ण, कधी कधी एजंटसुद्धा, बोट ठेवून म्हणतो की हे बघा, लिहिलंय. ती ओळ पूर्ण वाचा : ‘इम्युनोथेरपी – इंजेक्शनद्वारे दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी’. मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली एकाच प्रकारची प्रतिपिंडं. धुळीतल्या किड्याचा किंवा परागकणांचा अर्क हा मोनोक्लोनल अँटिबॉडी नव्हे. म्हणून तुमच्या केस पेपरवर नुसतं ‘इम्युनोथेरपी’ लिहू नका. ‘ॲलर्जन स्पेसिफिक इम्युनोथेरपी, त्वचेखाली’ असं पूर्ण लिहा. नुसत्या ‘इम्युनोथेरपी’वर टीपीएचा (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा) डॉक्टर आधी कॅन्सरच्या अंगाने प्रश्न विचारतो, उत्तर गेलं की ओपीडी म्हणून नाकारतो, आणि रुग्णाचे दोन महिने फुकट जातात.

याच ओळीचा खरा फायदा मात्र दुसऱ्या रुग्णांना होऊ शकतो. हट्टी दम्यासाठी किंवा जुनाट पित्त उठण्यासाठी ओमालिझुमॅब चालू असेल, किंवा इओसिनोफिल वाढलेल्या दम्यासाठी मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, तर ती खरोखरच मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत आणि त्या कलमात बसतात. त्याला मर्यादा असते. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत या आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. अशा रुग्णाचा क्लेम पूर्वपरवानगी घेऊन, बेळगावच्या नेटवर्क हॉस्पिटलमधून करायचा. तुमच्या दवाखान्यातून त्याच्या भानगडीत पडू नका.

आता तो नको असलेला प्रश्न. ‘एक दिवस ॲडमिट दाखवा की डॉक्टर, तुमचं काय जातंय?’ बरंच जातं. पॉलिसीतली हॉस्पिटलची व्याख्या पाहा : स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी, किंवा १० लाखांखालच्या लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी. तुमची केपीएमईखालची (कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखालची) नोंदणी क्लिनिक म्हणून असेल तर तुमच्या लेटरहेडवरचं डिस्चार्ज कार्ड पहिल्याच चाळणीत पकडलं जातं. दर आठवड्याला येऊन इंजेक्शन घेऊन जाणारा धडधाकट माणूस ‘तीव्र दम्याने दाखल’ दाखवला तर तपासनीस टीपीआर चार्ट, नर्सिंग नोट्स, ऑक्सिजनची नोंद आणि त्या दिवसाचं औषधाचं बिल मागतो. ते नसतं. मग रुग्णाची पॉलिसी फसवणुकीच्या कारणाने रद्द होते, पुढे त्याला दुसरीकडे विमा मिळणं अवघड होतं, आणि तुमचं नाव त्या कंपनीच्या वगळलेल्या डॉक्टरांच्या यादीत जातं. त्यानंतर तुमच्याकडच्या खऱ्या रुग्णांचे क्लेमही अडकतात. नाही म्हणा आणि कारणासकट म्हणा.

पैसे कुठून मिळू शकतात, ते आता रुग्णागणिक.

पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीत नोकरीला असलेली मुलं आणि त्यांच्या गटविम्यात घातलेले इकडचे आई-वडील, हा सगळ्यात आशादायक गट. अनेक गटविम्यांत ओपीडीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम असते. रुग्णाला एचआरकडून तीन गोष्टी लेखी विचारून आणायला सांगा : ओपीडीत औषधं आहेत की फक्त कन्सल्टेशन आणि तपासण्या, ‘लस’ वगळलेली आहे का, आणि नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचं बिल चालतं का. दुसरा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण सगळ्यात जास्त क्लेम तिथेच अडतात. आपण सहज ‘ॲलर्जी व्हॅक्सिन’ म्हणतो, बिलावरही तेच छापून येतं. लसीकरण वगळलेल्या पॉलिसीत समोरचा कारकून ते वाक्य वाचून रीतसर नाकारतो. बिलावर ‘ॲलर्जन एक्स्ट्रॅक्ट’ आणि पुढे अर्काचं नाव असू द्या.

स्वतः घेतलेल्या पॉलिसीवर ओपीडीचा रायडर (जादा हप्ता भरून घेतलेली जोड) असेल तर मर्यादा लहान असते. समजा, वर्षाला ५,००० रुपये. चाचणी आणि पहिल्या काही भेटींतच ते संपतात. रायडरचा जादा हप्ता वजा केला तर रुग्णाच्या हातात किती उरतं, हे त्याच्यासमोर कागदावर मांडा. बरेचदा उत्तर असं येतं की नुसत्या या इंजेक्शनांसाठी रायडर घेणं परवडत नाही, घरात इतरही औषधपाणी चालू असेल तरच घ्यावा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्यांतले आणि छोट्या कारखान्यांतले कामगार ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असतात, पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर. ईएसआयमध्ये ओपीडी धरून पूर्ण उपचार आहेत, २४ तासांची अट नाही. पण वाट एकच : आधी त्यांची डिस्पेन्सरी, तिथून संदर्भपत्र, मग तज्ज्ञ, आणि यादीत नसलेलं औषध बाहेरून घ्यायचं असेल तर आधी मंजुरी. तुमच्याकडे परस्पर कोर्स सुरू करून नंतर बिलं दिली तर ती परत येतात. म्हणून अशा रुग्णाची चाचणी करण्याआधीच त्याला चिठ्ठी देऊन डिस्पेन्सरीत पाठवा. फौंड्रीतल्या माणसाची एक गोष्ट आधी तपासा : त्याचा खोकला वाळूच्या आणि धुराच्या त्रासाने असेल तर तो ॲलर्जीच नाही, आणि त्यावर इंजेक्शनं देण्यात अर्थ नाही. उसाचा पाला जाळतात त्या दिवसांत वाढणाऱ्या खोकल्याचंही तसंच. धूर हा ॲलर्जन नव्हे.

माजी सैनिकांची आपल्याकडे वाण नाही. त्यांच्यासाठी ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत) ओपीडी आणि औषधं दोन्ही आहेत. बेळगावात पॉलिक्लिनिक आहे. इथेही क्रम महत्त्वाचा : पॉलिक्लिनिकचा संदर्भ, पॅनेलवरच्या तज्ज्ञाचा लेखी सल्ला, औषध तिथे उपलब्ध नसल्याची नोंद, मग खरेदी. तुमचा वाटा फक्त इंजेक्शन टोचण्याचा असेल तर तेवढ्याची पावती द्या. औषधाचं बिल तुमच्या नावाने फाडू नका.

सरकारी योजनांत आशा दाखवू नका. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक भरतीच्या पॅकेजवर चालते. सहकारी संस्थांच्या सभासदांची यशस्विनी मुख्यतः शस्त्रक्रियांची. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू केलेली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही ठरवून दिलेल्या प्रक्रियांचीच. यांपैकी कशातही दर आठवड्याचं इंजेक्शन येत नाही. तीव्र दम्याचा झटका येऊन दाखल व्हावं लागलं तर या कार्डांचा उपयोग होऊ शकतो, तेवढ्यासाठी रुग्णाकडे कार्ड असू द्या.

भरतीनंतरच्या खर्चाची एक वाट आहे, ती अरुंद आहे. दम्याने २४ तासांपेक्षा जास्त भरती झाली आणि तो क्लेम मंजूर झाला, तर त्याच आजारासाठी भरतीच्या आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस ओपीडीचा खर्च मागता येतो. आरोग्य संजीवनीत हेच दिवस आहेत, काही पॉलिसींत जास्त असतात. आयजीईची (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडाची) रक्ततपासणी, इनहेलर, तज्ज्ञाची फी यात बसते. इंजेक्शनांचे पहिले काही डोस? कागदावर बसू शकतात, व्यवहारात फारसे नाहीत, आणि त्याचं कारण वैद्यकीय आहे. दमा आटोक्यात नसताना इंजेक्शन सुरू करायचंच नसतं. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा) अपेक्षित आकड्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर त्या दिवशीचा डोस देऊ नये हा नियम. नुकताच झटक्यातून उठलेला रुग्ण आटोक्यात यायला आठवडे लागतात आणि ६० दिवस तोवर संपत येतात. मुदत गाठायची म्हणून घाई करून डोस देणारा डॉक्टर ॲनाफिलॅक्सिसला, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्या झटक्याला, आमंत्रण देतो.

केस पेपरवरचा इतिहास हा तुमच्या हातातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर आहे. ‘लहानपणापासून सर्दी, दमा’ असं आपण हाताला सवय म्हणून लिहितो. तोच कागद तीन वर्षांनी दम्याच्या भरतीच्या वेळी कंपनीच्या हातात पडतो आणि ‘आधीपासूनचा आजार लपवला’ म्हणून क्लेम जातो. खोटं लिहायचं नाही, पण जे माहीत आहे तेवढंच आणि नेमकं लिहायचं. आधीपासूनच्या आजाराची व्याख्या अशी आहे : पॉलिसी घेण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला अथवा उपचार सुचवला किंवा घेतला असा आजार. म्हणजे लक्षणं कधीपासून, डॉक्टरला पहिल्यांदा कधी दाखवलं, दमा हे निदान कुणी आणि कधी केलं, या तीन वेगळ्या नोंदी हव्यात. ‘पावसाळ्यात शिंका सुमारे पाच वर्षं, उपचार घेतलेले नाहीत, श्वास लागणं गेल्या चार महिन्यांपासून, दम्याचं निदान आज, स्पायरोमेट्रीवरून’ ही ओळ रुग्णाला वाचवते आणि ती खरीही आहे. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय लपवाछपवीच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. ज्याची पॉलिसी अजून घ्यायची आहे त्याला सांगा, फॉर्मवर ॲलर्जी आणि दमा लिहून टाक. प्रतीक्षा सोसता येते, नाकारलेला क्लेम सोसवत नाही.

आता फाइल. ओपीडीचं कव्हर असलेल्यालाही पैसे मिळतात ते फाइलवर, आणि चांगली फाइल वैद्यकीय दृष्टीनेही हवीच.

चाचणीच्या कागदावर प्रत्येक ॲलर्जनसमोर टोचल्या जागी उठलेल्या गांधीचा (फुगवट्याचा) आकार मिलीमीटरमध्ये हवा. नुसती अधिक-अधिकची चिन्हं नकोत. हिस्टामाइनचा आणि सलाइनचा कंट्रोल लिहिलेला हवा. सलाइनच्या गांधीपेक्षा किमान ३ मिमी मोठी आली तर पॉझिटिव्ह. अँटिहिस्टामाइन किती दिवस आधी बंद केलं तेही लिहा, साधारण आठवडाभर बंद लागतं. हिस्टामाइनला गांधच आली नाही आणि तरी अहवाल दिला तर तो अहवाल कशालाच उपयोगी नाही. त्याखाली दोन ओळी हव्यातच : चाचणी आणि रुग्णाची लक्षणं जुळतात कशी, आणि औषधं व टाळण्याचे उपाय करून काय झालं. ‘धुळीतल्या किड्याला ७ मिमी, झाडलोट करताना आणि गादीवर पडल्यावर शिंका, नाकातला स्टिरॉइड स्प्रे तीन महिने नियमित, तरी रोज त्रास.’ या दोन ओळी नसतील तर उपचाराची गरज का, हा प्रश्न येतोच. पन्नास ॲलर्जनांची चाचणी करून बारांचं मिश्रण दिलेलं दिसलं की जाणकार डॉक्टर भुवया उंचावतो, आणि त्याचं बरोबरच असतं. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात किडे आणि बुरशी, चिकोडी-अथणीकडे गवतांचे परागकण आणि काँग्रेस गवत, असं परिसराला धरून थोडकं निवडा. काँग्रेस गवताने अंगावर उठणारा इसब मात्र या चाचणीत आणि या इंजेक्शनांत येत नाही. त्याची पॅच टेस्ट वेगळी.

निदानाला आंतरराष्ट्रीय क्रमांक घाला : परागकणांच्या नाकाच्या ॲलर्जीला जे-३०.१, इतर ॲलर्जिक नाकाला जे-३०.३, ॲलर्जिक दम्याला जे-४५.०, आणि डिसेन्सिटायझेशनच्या भेटीला झेड-५१.६. फॉर्मवर ही अक्षरं रोमनमध्ये लिहायची, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या विम्याची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काहीजण ९५११७ आणि ९५१६५ असे आकडे बिलावर टाकतात. ते तिथले बिलिंगचे क्रमांक आहेत. पहिला दोन किंवा अधिक इंजेक्शनं टोचण्याचा, दुसरा अर्क तयार करून देण्याचा. इकडच्या टीपीएला त्यांचा अर्थ नाही.

डोसकार्डावर दर वेळी तारीख, बाटलीची तीव्रता, बॅच क्रमांक, मात्रा, कोणता दंड, टोचण्याआधीची प्रकृती, ३० मिनिटांनंतरची सूज मिलीमीटरमध्ये आणि सही. आणि बेरीज जुळली पाहिजे. आपल्याकडे अनेक ठिकाणी १:५०००, १:५००, १:५० अशा चढत्या तीव्रतेच्या बाटल्या असतात आणि प्रत्येकीतून ०.१ मिलीपासून दर वेळी ०.१ ने चढतात. बाटली ५ मिलीची असेल तर ०.१ ते ०.९ या नऊ डोसांची बेरीज ४.५ मिली होते. दहावा १.० मिलीचा डोस धरला तर ५.५. म्हणजे एका ५ मिलीच्या बाटलीतून पूर्ण दहा डोस दिले असं कार्ड सांगत असेल तर एक तर डोस कमी गेलेत किंवा कार्ड एका बैठकीत भरलंय. सिरिंजमध्ये वाया जातं ते आणखी वेगळं. तपासणारा हे गणित करतोच असं नाही. पण एकदा केलं की तो बाकीच्या कुठल्याच नोंदीवर विश्वास ठेवत नाही.

खाडे झाले तर तेही दिसू द्या. गणपती, लग्नसराई, उसाचा हंगाम, रुग्ण तीन आठवडे येत नाही. मग पुढची मात्रा वाढवायची नाही, मागे यायचं. किती मागे, ते तुमच्या ठरलेल्या तक्त्यानुसार. नवी बॅच उघडली की मात्रा साधारण २५ ते ५० टक्क्यांनी खाली आणून पुन्हा चढायचं, कारण वजनावर मोजलेल्या अर्काची ताकद बॅचगणिक बदलते. सगळ्या नोंदी एकाच शाईत, न चुकता दर सोमवारी, असं निर्दोष कार्डच संशयास्पद दिसतं.

खरेदीचं बिल रुग्णाच्या नावाने असावं. अर्क बनवणारी कंपनी बरेचदा डॉक्टरच्या नावाने बिल पाठवते आणि आपण रुग्णाला हाताने लिहिलेली पावती देतो. तिथे क्लेम अडतो. मागणी नोंदवतानाच रुग्णाचं नाव द्या. बिलावर बॅच, मुदत आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक असेल याची खात्री करा. स्वतःच्या रुग्णाला औषध द्यायला नोंदणीकृत डॉक्टरला औषध नियमांतल्या परिशिष्ट ‘के’ची सूट आहे, पण ती दुकान मांडण्याची सूट नव्हे. कन्सल्टेशन, चाचणी, अर्क आणि टोचण्याची फी यांच्या पावत्या वेगवेगळ्या करा. ज्याच्या कव्हरमध्ये औषधं नाहीत त्याला निदान बाकीच्या तिन्हींचे पैसे मागता येतात. वर्षाचे पैसे एकरकमी घेऊन एकच पावती देणं सगळ्यात वाईट. ओपीडीचा क्लेम झालेल्या सेवेचा असतो, होणार असलेल्या सेवेचा नाही. रोख ५,००० रुपयांच्या वर गेलं की एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही करा.

नावाचा घोळ आपल्या भागात जरा जास्तच. आधारवर ‘सुरेश मारुती पाटील’, शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील एस. एम.’, पॉलिसीवर ‘सुरेश एम.’. तुम्ही केस पेपर काढताना पॉलिसीवरचं नाव जसंच्या तसं उतरवा. पत्त्यात बेलगाम आहे की बेळगावी, याने सहसा अडत नाही. नावाने अडतं. कार्ड मराठीत किंवा कन्नडमध्ये भरलेलं असेल तर इंग्रजीत एक पानाचा सारांश सोबत जोडा. तुमची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिलची असेल आणि दवाखाना खानापुरात असेल तर कर्नाटक कौन्सिलचं काम आधी पूर्ण करा. नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याचं राज्य जुळलं नाही की शंका काढतात.

रिॲक्शनची भरती ही वेगळी बाब, आणि तिथे साधी पॉलिसीही कामी येते. इंजेक्शनानंतर ॲनाफिलॅक्सिस झाला तर आधी ॲड्रेनलिन : १ मिग्रॅ प्रति मिलीच्या अँप्युलमधून प्रौढाला ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडली तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. विम्याचा विचार नंतर. दम्याच्या रुग्णाला, किंवा ॲड्रेनलिन दोनदा लागलेल्याला, बेळगावला पाठवून रात्रभर देखरेखीत ठेवणं वैद्यकीयदृष्ट्याच योग्य, आणि २४ तास झाले तर क्लेमही होतो. सहा तासांत घरी सोडलेल्याचा होत नाही. तुमच्या संदर्भपत्रावर चार वेळांच्या नोंदी हव्यात : इंजेक्शन किती वाजता, लक्षणं किती वाजता, ॲड्रेनलिन किती वाजता, निघाला किती वाजता. नातेवाइकाला सांगा, भरतीनंतर २४ तासांत कंपनीला कळवायचं. ॲम्ब्युलन्सची पावती ठेवायची. आरोग्य संजीवनीत भरतीमागे २,००० रुपयांपर्यंत मिळतात.

यामुळेच बाटली रुग्णाच्या हातात देऊन ‘गावातल्या कंपाउंडरकडून घे’ म्हणणं बंद करा. एप्रिलच्या उन्हात बसमधून तासभर आलेली बाटली २ ते ८ अंशांत राहिलेली नसते, तिकडे ३० मिनिटं कुणी बसवत नाही, ॲड्रेनलिन नसतं. आणि तिथे काही झालं तर तुमचा स्वतःचा व्यावसायिक जबाबदारीचा विमाही अडचणीत येतो. त्या पॉलिसीच्या प्रपोजलमध्ये ॲलर्जीची इंजेक्शनं देतो असं लिहिलंय का ते आजच पाहा. नसेल तर कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. हा विमा दावा येईल त्या वर्षी चालू असावा लागतो आणि घटना घडली तो मागचा दिवसही त्यात धरलेला असावा लागतो, म्हणून नूतनीकरणात एक दिवसही खंड पडू देऊ नका. रुग्ण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेतो का, हे विचारल्याची नोंद आणि सहीची संमती फाइलला असू द्या. वकिलाची नोटीस आली की पहिल्यांदा हेच मागतात.

क्लेम चुकीने नाकारला असं वाटलं तर रुग्णाने आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्यायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, नकारापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. पण ग्राहक आयोगात प्रकरण आधीच घातलेलं असेल तर लोकपाल ते घेत नाही. सीमाभागातल्यांना इथे एक सोय आहे. हद्द कंपनीच्या शाखेवरून किंवा तक्रारदाराच्या राहण्याच्या ठिकाणावरून ठरते. निपाणीत राहणाऱ्याची पॉलिसी कोल्हापूर शाखेची असेल तर तो बेंगळुरूच्या लोकपालाकडे जाऊ शकतो, तसाच पुण्याच्याही. ज्याला मराठीत बोलणं सोपं जातं तो साहजिकच पुणे निवडतो. तक्रारीसोबत पॉलिसीचा पूर्ण मजकूर जोडायला सांगा. एजंटने दिलेली दोन पानांची रंगीत पत्रिका तिथे चालत नाही.